उजवीकडून तिसरा डबा

माझ्या टेबलावर जायफळाएवढा एक दगड आहे. कागद उडू नयेत म्हणून तो ठेवला असावा असं घरी येणाऱ्यांना वाटतं, पण लिहिताना मी पंखा लावत नाही. गिरडच्या टेकडीवर असे दगड अजूनही सापडतात, कुठे सुपारीएवढे, कुठे जायफळासारखे. टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांशी खोटं बोललेल्या एका व्यापाऱ्याच्या गोण्यांतला माल जागच्या जागी दगड झाला, अशी त्यांची गोष्ट गावात प्रत्येक मुलाला सांगतात. हा दगड माझ्या वहिनीच्या फळीवर पन्नासहून जास्त वर्षं होता. वहिनी यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी गेली. तेरवीनंतर तिच्या सुनेनं फळीवर टेकडीचा दुसरा दगड ठेवला आणि हा मला दिला. तेव्हापासून मी रोज सकाळी लिहायला बसते. एखाद्या दिवशी पान होतं, एखाद्या दिवशी चार ओळी. घाई कसलीच नाही. ज्या बाईबद्दल लिहायचं आहे ती स्वतः कधी घाईत नसायची. एकदाच मी तिला घाईत पाहिलं, आणि तेच मला सांगायचं आहे.

आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी, दुकानाच्या मागे. आई-वडील लवकर गेले होते. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, आणि वहिनी त्या घरात आली तेव्हा मी दुसरीत होते. दादाचं दुकान म्हणजे नारळ, अगरबत्ती, रेवड्या, फुलांच्या चादरी आणि गावाला लागणारा थोडा किराणा. सकाळ व्हायची ती आवाजांनी. वरून अजान, खालून आमच्या खलबत्त्याचा ठोका, मग पहिल्या एसटीचा हॉर्न आणि तिच्या मागोमाग नारळ फोडल्याचे आवाज. या सगळ्यात वहिनीचा खलबत्ता मला आजही वेगळा ऐकू येतो. सुंठ कुटताना तो जड बोलायचा, धने कुटताना हलका. पुस्तकातून मान वर न करता आज कोणता डबा भरला जातोय हे मी सांगू शकत असे.

ती मांडगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी, शाळेत एक दिवसही न गेलेली. लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं दुकानाच्या ओट्यावर एक मोठा माठ मांडला. टेकडी चढून-उतरून आलेली माणसं घामानं निथळत खाली यायची आणि दादाकडे पाणी मागायची. दादा पाणी द्यायचा. वहिनी म्हणाली, पाणी द्यायचंच आहे तर नीट देऊ. माठात धने-जिऱ्याचं पाणी, त्यात गूळ, लिंबू आणि काळं मीठ, ऋतू पाहून थोडं थंड किंवा गरम, इतकंच सगळ्यांना सारखं. पुढचं मात्र माणूस पाहून. तिच्या मागे भिंतीला सागाची एक लांब फळी होती आणि त्या फळीवर एकोणीस डबे. मधोमध हा दगड. दगडाच्या उजवीकडे सगळं थंड: वाळा, अनंतमूळ, सब्जा, गुलाबाच्या पाकळ्या, होळीच्या आधी वेचून वाळवलेली पळसाची फुलं. डावीकडे सगळं गरम: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, मेथी. जे जितकं जास्त थंड ते तितकं उजव्या टोकाला, जितकं गरम तितकं डाव्या टोकाला. आणि अगदी डाव्या कोपऱ्यात, कोणाचा हात सहज पोहोचणार नाही असा, सोनामुखीच्या पाल्याचा डबा. तो जुलाबाचा. विचारून, पारखून, चिमूटभरच.

ती माणसाला आधी बसवायची आणि विचारायची, झोप लागते का, पाणी कधी पिता, पोट कसं आहे. एकदा वर्धेचा एक ऑटोवाला वैतागून म्हणाला, "बाई, म्या सरबत मागतलं, तू तं डाक्टरासारखी पुसून राह्यली!"

"डाक्टर नाई म्हणून तं पुसून राह्यली," वहिनी म्हणाली. "डाक्टर असती तं न पुसता सुई टोचली असती. सांग, रातच्याला छातीत जळजळते का?"

त्यानं मान हलवली, कारण जळजळत होतं. वहिनीचा हात न बघता मागे गेला, दगडाला लागला, तिथून उजवीकडे दोन डबे सरकला. ती नजर माणसावरून हलवत नसे. माणूस एका बाजूला कलला असेल तर दुसऱ्या बाजूनं चिमूटभर घालायचं, म्हणजे तो मधे येतो, एवढंच तिचं शास्त्र. कोणी फारच भक्तिभावानं पाहू लागला की ती त्याला खाली आणायची. "हे पाणी हाय, दवाई नाई. ताप असन, रक्त पडत असन, तं समुद्रपूरच्या दवाखान्यात जाजो. माह्यापाशी टाइम नोको घालवू." आज माझा भाचा पुण्याहून चकचकीत पाकिटं पाठवतो. त्यांवर शरीराचा समतोल वगैरे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. मी ती वाचते आणि कपाटात ठेवते. पाकिटाला मला काहीच विचारायचं नसतं, हे काही मला पटत नाही.

तिचा आणखी एक नेम होता. माठ भरला की पहिला पेला ती स्वतः प्यायची, ओट्यावर उभी राहून, सगळ्यांसमोर, आणि पेला पालथा ठेवायची. त्याआधी कोणालाही थेंब मिळत नसे, मग समोर तालुक्याचा साहेब का असेना. तिच्या माहेरी फवारणीच्या दिवसांत शेतावरच्या मजुरांसाठी पाणी आणणारी बाई, पाण्यात विष उडालेलं नाही हे दाखवायला, असंच करायची, तिथून तिनं ते उचललं होतं. मला हा नेम त्या वयात जरा गावठी वाटायचा. मी आमच्या घरातली पहिली मॅट्रिकपर्यंत गेलेली मुलगी होते आणि गावठी काय ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला मिळाला आहे अशी माझी समजूत होती.

ही समजूत वहिनीनंच वाढवली होती, हेही लिहायला हवं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर माझ्यापुढे ठेवून ती म्हणायची, "वाचत वाचत जेव. भाकर पळून नाई जात." हिवाळ्यात परीक्षेच्या दिवसांत डिंकाचा लाडू आणि उन्हाळ्यात सब्जा घातलेलं दूध मी न मागता माझ्या पुस्तकाशेजारी येऊन बसायचं. शेजारणी म्हणत, नणंदेला एवढं शिकवून काय करणार? वहिनी म्हणे, "आमच्या घरात तराजू हाय, माठ हाय. पुस्तक नव्हतं. ते बी पाह्यजे नं."

मॅट्रिकची परीक्षा झाली त्या वैशाखात वहिनी भावाच्या लग्नाला तीन दिवस माहेरी गेली. मला निकालाची वाट बघण्यावाचून काम नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयात मी पुस्तकांना चिठ्ठ्या लावायला मदत केली होती आणि त्या कामाचा मला छंद लागला होता. वहिनी आली की तिला चकित करायचं, असं मी ठरवलं. सगळे डबे खाली काढून राखेनं घासले. माझ्या उत्तम अक्षरात एकोणीस चिठ्ठ्या लिहिल्या, खळीनं चिकटवल्या, आणि डबे अकारविल्हे लावले. अनंतमुळापासून हिरड्यापर्यंत. दगड मधे येत होता, तो तुळशीच्या कुंडीत ठेवला. दादा जेवायला आत आला तेव्हा फळीकडे पाहून म्हणाला, "वा! आता कसं दवाखान्यावानी दिसून राह्यलं." मी दोन दिवस त्या वाक्यावर तरंगत होते.

शुक्रवारी सकाळी वहिनी येणार होती. निघताना ती दादाला सांगून गेली होती, आणि ते मला माहीत नव्हतं, की शुक्रवारी गर्दी राहते, माझी एसटी दहाच्या आधी यायची नाही, तर माठ तुम्ही भरून ठेवा. फार ऊन आहे, उजव्या टोकाकडून तिसरा डबा, त्यातल्या दोन मुठी घाला. तो डबा अनंतमुळाचा. वहिनी दादाला कधी नाव सांगत नसे, जागाच सांगायची, कारण नाव सांगून उपयोग नव्हता. दादा तपकीर ओढायचा. त्याचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. अनंतमुळाचा गोड वास आणि सोनामुखीचा गवताळ वास यांत त्याला फरक कळणं शक्य नव्हतं. डबे हलले आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही; चिठ्ठी न वाचता त्यानं सवयीनं उजवीकडून मोजलं. हिरडा, हळद, सोनामुखी. दोन मुठी घातल्या, वर गूळ आणि लिंबू, आणि गर्दी वाढली तसा वहिनीची वाट न पाहता पेले भरून देऊ लागला. मी मागच्या खोलीत कादंबरी वाचत होते.

साडेदहाला वहिनी एसटीतून उतरली. खांद्याला पिशवी, कमरेला लग्नाच्या बुंदीची दुरडी. गर्दी पाहून ती घरात न जाता थेट ओट्यावर आली, पेला भरला आणि नेहमीसारखा तोंडाला लावला. मी तिला दारातून पाहत होते. फळी पाहून ती काय म्हणते याची मला उत्सुकता होती. तिनं घोट तोंडात धरला, अंगणाच्या कडेला जाऊन थुंकला, आणि मग फळीकडे पाहिलं.

"शालू, दगड कुठं हाय?"

"तुळशीत ठेवला." मी पुढे आले. "डबे म्या लावले, वहिनी. अक्षरांनुसार. आता कोणाले बी सापडतीन."

"सापडला नं," ती म्हणाली. "तुह्या भावाले सापडला."

ती ओरडली नाही. तिनं माठ आडवा केला आणि सगळं पाणी अंगणात ओतलं. मग दादाला विचारलं, कोण कोण प्यायलं. दादाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, त्यांनी काय घेतलं ते राहायचं. त्यानं बोटांवर सांगितलं. दोन नारळवाले नवरा-बायको, हिरव्या चादरीचं सहा जणांचं कुटुंब, हिंगणघाटचा कापडवाला शेठ, काहीच न घेता नुसतं बसलेला एक म्हातारा. "अन् ती रुख्मा, सासूसंगं आली होती. रेवड्या घेतल्या. तिले बी देला पेला."

रुख्मा शेजारच्या गावची. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि आता कुठे तिला पाचवा महिना लागला होता. नवस फेडायला ती वर गेली होती. वहिनीनं तिला मागच्याच महिन्यात नुसत्या धने-जिऱ्यावर ठेवलं होतं, एकही डबा उघडला नव्हता. पाचव्या महिन्यात जुलाबानं काय होऊ शकतं हे मलाही माहीत होतं.

दादानं वहिनीची वाट अडवली. आवाज खाली आणून तो म्हणाला, "अवं, गप राह्य. पोट बिघडलं तं म्हणतीन ऊन लागलं. तू काऊन आपल्या हातानं बोंब मारून राह्यली? उद्यापासून माठापाशी कुत्रं नाई येणार."

"ज्या टेकडीच्या बुडाशी बसलो तिथं खोटं बोलता?" वहिनी म्हणाली. "नारळाचे दगड होतीन तुमच्या. सरका."

आणि ती निघाली. एसटीचा धुराळा तसाच अंगावर, वैशाखाचं ऊन डोक्यावर. मी मागून धावत. पायऱ्यांवर पहिले भेटले ते नारळवाले. वहिनी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि दहा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, माह्या माठात आज चूक झाली. जुलाबाचा पाला पडला. दिवस बुडता बुडता पोट ढिलं होईन. भेऊ नका, मीठ-साखरेचं पाणी पेत राहा. लयच झालं तं दवाखान्यात जा. अन् लांबच्या एसटीत आज बसू नका." मग हिरव्या चादरीचं कुटुंब. त्यांच्यातला एक जण पेटला. "गुळाच्या पाण्यात जुलाब घालता? उद्या जहर घालसान! देवाच्या दारात दुकान मांडलं अन् धंदे असे?" लोक जमले. वहिनी मान खाली न घालता ऐकत राहिली. तो दम घ्यायला थांबला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. लहान लेकरानं पेलं का, ते सांगा आधी." लेकरानं घेतलं नव्हतं, त्याला रेवडी मिळाली होती.

तिसरा तो म्हातारा. वहिनीनं तोंड उघडलं आणि मला राहवलं नाही. "चूक वहिनीची नाई, बाबा. माह्यी हाय. डबे म्या हालवले." वहिनीनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पण त्यानंतर शेठ भेटला तेव्हा ती बोलायला लागली नाही. बाजूला उभी राहून माझी वाट पाहू लागली. तेव्हा मी सांगितलं, पाला, संध्याकाळ, मीठ-साखर, सगळं. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "होईन नं पण नक्की?" मी म्हटलं, होईल. "मंग देव पावला," तो म्हणाला. "आठ दिवसांपासून नवस करून राह्यलो."

रुख्मा सगळ्यात शेवटी सापडली, अगदी वर, कडुनिंबाच्या सावलीत. सासू बाजूला डोळे मिटून बसलेली. वहिनीला धाप लागली होती. तिनं रुख्माच्या खांद्यावर हात ठेवला आणि कसंबसं म्हणाली, "पोरी, खालचं पाणी तू पेली का?"

रुख्मा घाबरली, पण वेगळ्याच कारणानं. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. "रागावू नका, बाई. म्या नाई पेली. तुम्ही नव्हत्या नं ओट्यावर. पयला पेला कोणी घेतला ते दिसलं नाई. भाऊले वाईट वाटू नये म्हून तोंड फिरवलं, अन् बेलाच्या बुडात ओतला."

"अन् सासूबाई?"

"त्याइले उपास हाय."

वहिनी खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आता मले कोणीतरी पाणी द्या व. पहाटपासून घोटभर बी पोटात नाई." मी टाकीवरून लोटा भरून आणला. ती तोंडाला लावणार एवढ्यात रुख्मानं तिचा हात धरला आणि म्हणाली, "थांबा. आज म्या पयले." आणि तिनं एक घोट घेऊन लोटा परत दिला. वहिनी इतकी हसली की पाणी सांडलं.

संध्याकाळी ज्यांची पोटं ढिली व्हायची ती झाली, कोणाला त्याहून जास्त काही झालं नाही. रात्री जेवणं झाल्यावर वहिनीनं मला तुळशीतला दगड आणायला सांगितला. मला वाटलं चिठ्ठ्या फाडायला लावेल. तिनं डबे आपल्या जागी लावले, मधे दगड ठेवला, आणि चिठ्ठ्या तशाच राहू दिल्या. म्हणाली, "जागा माह्यी, नाव तुह्यं. दोन्ही राहू दे. मी मेली तं जागा कोण सांगन?" मग तिनं प्रत्येक चिठ्ठीवर बोट ठेवून मला वाचायला लावलं. एकोणीस शब्द ती त्या उन्हाळ्यात शिकली. पुढे कित्येक वर्षं स्टँडवर सोनामुखीचा 'स' ओळखून ती समुद्रपूरची एसटी पकडायची आणि कंडक्टरला सांगायची, "मले वाचता येते, बरं का."

पुढच्या शुक्रवारी माठ भरलेला, ओट्यापुढे माणसंही होती, पण पेल्याला हात कोणी लावेना. दादा आत जाऊन बसला. वहिनीनं पहिला पेला भरला आणि सगळ्यांदेखत मला दिला. "चूक हिची होती, तं पयला पेला बी हिचाच." मी प्यायले. तळ दिसेपर्यंत. पेला पालथा ठेवला. तरी कोणी पुढे येईना. एवढ्यात एसटीतून हिंगणघाटचा शेठ उतरला, गर्दीतून वाट काढत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाई, मागच्या शुक्रवारचं पाणी हाय का वो शिल्लक?" जमलेले सगळे हसले, आणि हसता हसता हात पुढे आले.

नंतर मी वर्धेला शिकले, ग्रंथपाल झाले, तीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं. अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं की पुस्तकं नावाच्या क्रमानं लावत नाहीत, विषयानं लावतात, म्हणजे सारखं सारख्याजवळ येतं आणि अंधारातही हात योग्य जागी जातो. वर्गात बाकीच्यांनी ते लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. माझ्या घरी हे एका अंगठाबहाद्दर बाईनं सागाच्या फळीवर आधीच करून ठेवलं होतं, आणि ते मोडल्यावर काय होतं हेही मला माहीत होतं. मला आयुष्यात काही पदकं मिळाली, निरोपसमारंभात शाल मिळाली. पण तू कोणाची, असं कोणी विचारलं तर मी आजही कॉलेजचं नाव सांगत नाही. गिरडच्या माठवाल्या बाईची नणंद, असं सांगते.

वहिनीच्या तेरवीला ओट्यावर माठ ठेवला होता. सुनेनं भरला होता, डब्यांवरच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या वाचून आणि दगडापासून मोजून, दोन्ही. अंगणात माणूस मावत नव्हतं. पेले सगळ्यांच्या हातात गेले होते आणि कोणीही पीत नव्हतं. दादा भरलेला पेला मांडीवर धरून खुर्चीत बसला होता. रुख्मा आता सत्तरीची, काठी टेकत आली होती, शेजारी तिचा पन्नाशीचा मुलगा. तिनं पेला छातीशी धरला होता. तिनं गर्दीत मला शोधलं आणि विचारलं, "पयला कोणी घेतला व, शालूबाई?"

कोणीच घेतला नव्हता. मी ओट्यावर चढले, पेला भरला आणि सगळ्यांसमोर प्यायले. सुंठ किंचित जास्त झाली होती, वहिनीनं लगेच सांगितलं असतं. मी पेला पालथा ठेवला. मग रुख्मानं आपला ओठाला लावला.